पाय कोरडे, खिसा शाबूत!

नाशिकहून जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरवर पावसाचा अख्खा क्रॅश कोर्स आहे. त्यासाठी हेल्मेट घेतलं, जॅकेट घेतलं, रेनसूटही घेतला. आणि पायात काय? या वीकएंडला रूट तोच आपला नेहमीचा, फक्त नजर जरा खाली. बुटांकडे!

नाशिककराला पाऊस मोजायला मिलिमीटर लागत नाहीत, मारुती पुरतो. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर एकच प्रश्न विचारतं, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्यापर्यंत म्हणजे ठीक, कमरेपर्यंत म्हणजे सराफ बाजाराला काळजी, छातीपर्यंत म्हणजे दुकानं आवरा. ऑगस्ट 2019 मध्ये तर मारुतीराया डोक्यासकट पाण्याखाली होते.

पावसात बाइकवर भटकणाऱ्यांनी हे माप डोक्यात पक्कं बसवावं. कारण बुटाचं गणितही तेच आहे. किती पाऊस पडतोय यापेक्षा पाणी पायाच्या कुठपर्यंत येतंय आणि कुठून आत शिरतंय, यावर सगळा खेळ ठरतो. दुकानदार "साहेब, एकदम वॉटरप्रूफ!" म्हणतो तेव्हा नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो. आणि नेमका हाच प्रश्न आपण विचारत नाही.

जुलैतल्या कुठल्याही शनिवारी सकाळी त्र्यंबक रोडला उभे राहा. मुंबई, पुणे, नाशिक, सगळीकडच्या बाइक्सची रांग लागलेली असते. पाच हजारांचं हेल्मेट, आठ हजारांचं जॅकेट, हँडलवर मोबाइलचा वॉटरप्रूफ पाऊच. आणि पायात? ऑफिसचे स्नीकर्स. काही वीरांच्या पायात फ्लोटर्स, आणि मागे बसलेलीच्या पायात चक्क सँडल. मोबाइल कोरडा, पाय ओले!

यात कायद्याचीही फार मदत नाही. हेल्मेटला आयएसआय मार्क लागतो, बुटाबद्दल मात्र असं काही बंधन नाही. चप्पल घालून गाडी चालवली की दंड होतो, ही अफवा इतकी पसरली होती की 2019 मध्ये नितीन गडकरींच्या कार्यालयाला असा काही दंड नसल्याचा खुलासा करावा लागला. म्हणजे निवड सर्वस्वी आपली. मग ती नीट करू या. त्यासाठी शोरूमपेक्षा बेस्ट जागा म्हणजे हाच रूट: नाशिक, त्र्यंबक, पहिने, वैतरणा, घोटी, इगतपुरी. प्रत्येक टप्प्यावर बुटाचा एकेक धडा आहे.

सातपूर: आधी घोटा, मग पाणी

शहरातून त्र्यंबककडे निघालं की आधी लागतं सातपूर. एमआयडीसीचं राज्य. पहिल्या शिफ्टला निघालेल्या कामगारांच्या पायांकडे बघा: काळे, जाडजूड सेफ्टी शूज. फॅशन म्हणून कुणी घालत नाही, पण बजेटमधल्या रायडरसाठी हा पहिला धडा आहे. आयएस 15298 या भारतीय मानकातल्या सेफ्टी शूजची पुढची टोपी 200 ज्यूलचा दणका सहन करते. म्हणजे साधारण वीस किलोचं वजन एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत. किंमत हजार-दोन हजारांच्या आसपास. इतक्या पैशात एवढं संरक्षण देणारा दुसरा बूट शोधून सापडणार नाही.

पण थांबा. हे बूट मशिनवर उभं राहणाऱ्यासाठी बनलेत, बाइकवर बसणाऱ्यासाठी नाही. पुढची टोपी जाड असल्यानं पंजा गिअर लिव्हरखाली जाता जात नाही. मेकॅनिककडून लिव्हर थोडा वर करून घेता येतो, पाच मिनिटांचं काम. खरी अडचण वेगळी आहे. या बुटात बोटं वाचतात, घोटा मात्र उघडा राहतो.

आणि बाइकवर सगळ्यात आधी गोत्यात येतो तो घोटाच. त्यासाठी शंभरच्या स्पीडनं पडायची गरज नाही. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चं वजन 195 किलो आहे. चहाच्या टपरीसमोर ओल्या उतारावर गाडी लावताना पाय सटकला, गाडी कलली आणि पाय खाली सापडला, की स्पीड शून्य असला तरी प्लॅस्टर ठरलेलं. सहा-आठ आठवडे वर्क फ्रॉम होम, तेही पाय उशीवर ठेवून. म्हणून टूरिंग बुटाला घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाटीसारखं कवच असतं आणि सोलमध्ये आडवा न दबणारा ताठपणा असतो. गाडी पायावर पडली तरी बूट चपटा होत नाही.

इथेच आपला मेन फंडा येतो. पाणी बाहेरून अडवता येतं, घोटा बाहेरून वाचवता येत नाही. वॉटरप्रूफपणा उसना आणता येतो. वरून कव्हर चढवा, आतून वॉटरप्रूफ मोजे घाला. घोट्याचं कवच मात्र बुटातच असावं लागतं, ते नंतर चिकटवता येत नाही. त्यामुळे बजेट कमी असेल तेव्हा 'जास्त वॉटरप्रूफ' आणि 'जास्त सेफ' यातलं दुसरं निवडायचं. डोळे झाकून.

अंजनेरी: पाणी वरून येतं, बॉस!

सातपूर मागे पडलं, महिरावणी गेलं, की डावीकडे ढगात अर्धा बुडालेला अंजनेरी दिसायला लागतो. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून हा डोंगर सगळ्यांना माहीत. रायडरसाठी तो पावसाची बॉर्डर आहे. नाशिक शहरात वर्षाला पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आसपास. इगतपुरीत तोच आकडा तीन हजारांच्या वर जातो. अंतर किती? पंचेचाळीस किलोमीटर. सह्याद्रीची धार अरबी समुद्राकडून येणारे ढग अडवते, घाटमाथ्यावर ते रिकामे होतात आणि शहरापर्यंत उरलेसुरले पोचतात. म्हणून कॉलेज रोडला ऊन बघून निघालेला माणूस अंजनेरीला पोचेपर्यंत चिंब झालेला असतो.

आता इथे बूट भिजतो कसा ते बघा. आपल्याला वाटतं पाणी रस्त्यावरून उडतं आणि चामड्यातून आत झिरपतं. तसं होतंही, पुढच्या चाकाचं पाणी थेट पंजावर येतं. अ‍ॅडव्हेंचर बाइकचं मडगार्ड उंच असेल तर जरा जास्तच. पण बूट भरतो तो वरून. पाऊस मांडीवर पडतो, पँटवरून ओघळत नडगीवर येतो, मोज्यात शिरतो आणि मोजा वातीसारखा ते सगळं पाणी खाली घेऊन जातो. अशा वेळी वॉटरप्रूफ बूट म्हणजे बादली. वरून भरणार, आणि आत आलेलं पाणी बाहेर जाऊ देणार नाही!

यावरचा उपाय फुकट आहे. रेनपँट बुटाच्या आत खोचायची नाही, बुटावरून खाली सोडायची. ट्रेकवाले मित्र आणि बुलेटवरचे फोटो काहीही सांगोत. आणखी एक गोष्ट. दुकानात उभं राहिल्यावर बरोबर वाटणारी रेनपँट बाइकवर गुडघा वाकला की वीतभर वर सरकते. त्यामुळे रेनपँट एक साइझ लांब घ्या आणि बूट घोट्याच्या चांगला वर, निदान अर्ध्या नडगीपर्यंत येणारा बघा. मारुतीचं माप आठवलं ना? फरक इतकाच की नदीत पाणी खालून वर चढतं, बाइकवर वरून खाली उतरतं.

पहिने: मेम्ब्रेनची परीक्षा

त्र्यंबकच्या थोडं अलीकडे घोटीचा रस्ता डावीकडे फुटतो. दहा मिनिटांत पहिने. नवरा-नवरीचे सुळके, दोन्ही बाजूंना कड्यावरून कोसळणारे पांढरे धागे, रस्त्यावर धुकं आणि धुक्यात भाजलेल्या कणसांचा वास. झक्कास! बुटाच्या दृष्टीनं मात्र ही बोर्डाची परीक्षा.

महागड्या बुटांवर जे 'वॉटरप्रूफ मेम्ब्रेन' लिहिलेलं असतं ते काय प्रकरण आहे? 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा एक पदार्थ गरम करून झटक्यात ताणला. तो न तुटता लांबला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. 1976 मध्ये हे कापड 'गोर-टेक्स' नावानं बाजारात आलं. आता अनेक कंपन्या आपापली मेम्ब्रेन वापरतात, तत्त्व साधारण तेच. बुटाच्या बाहेरच्या चामड्याच्या आणि आतल्या अस्तराच्या मध्ये या मेम्ब्रेनचा एक न दिसणारा मोजा असतो.

पण या मोज्याला दोन मर्यादा आहेत, आणि पहिनेत दोन्ही उघड्या पडतात. एक, मेम्ब्रेन आतल्या बाजूला असतं, त्यामुळे बाहेरचं चामडं किंवा कापड भिजायचं ते भिजतंच. पाय कोरडा, पण बूट जड आणि गार. दोन, वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. पहिनेच्या धुक्यात हवाच पाण्यानं भरलेली असते, तिथे वाफ जाणार कुठे? त्यामुळे तीन तासांनी बूट काढल्यावर मोजे दमट लागले, तर लगेच बूट गळका ठरवू नका. तो घाम असू शकतो. मोजा पिळल्यावर पाणी निघालं, तर मात्र बूट गळका.

स्वस्त बुटात आणखी एक शब्दखेळ चालतो: 'वॉटर रेझिस्टंट'. याचा सरळ अर्थ, नाशिकरोड ते द्वारका चालेल, त्र्यंबक ते घोटी नाही. युरोपात मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन 13634 हे मानक आहे. त्यात बुटाची उंची, घासण्याला टिकाव, धारदार वस्तूला टिकाव आणि सोलचा ताठपणा यांना 1 किंवा 2 असे मार्क मिळतात. लेबलवर बाइकस्वाराचं छोटं चित्र आणि खाली हे आकडे असतात. सोबत 'डब्ल्यूआर' ही अक्षरं असतील तर पाण्याची चाचणीही झालेली आहे, आणि 'आयपीए' असेल तर घोट्याच्या कवचाची. लेबल नाही म्हणून बूट वाईटच असतो असं नाही. पण लेबल असेल तर दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

आणि हो, वॉटरप्रूफ बूट पावसासाठी असतो, धबधब्यात उतरण्यासाठी नाही. पहिनेत सेल्फीसाठी टाचेइतकं म्हणत गुडघाभर पाण्यात गेलेले बूट पुढचे दोन दिवस वाळत नाहीत. बॅगेत एक जोड फ्लोटर्स ठेवा. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं तेव्हा मात्र फ्लोटर्सही बॅगेतच राहू द्या.

वैतरणा ते घोटी: गमबूटवाले आणि अनवाणी

पहिनेपुढे वैतरणा धरणाच्या कडेनं घोटीकडे जाणारा रस्ता म्हणजे इगतपुरी तालुक्याचं भाताचं कोठार. जुलैत इथे आवणी चालू असते. डोक्यावर प्लॅस्टिकचं घोंगतं, कंबर वाकलेली, आणि पाय? अनवाणी. पावसाची खरी जाणकार माणसं ही. ती बूट घालत नाहीत, कारण खाचरातला चिखल गमबूट धरून ठेवतो. पाय बाहेर येतो, बूट तिथेच. दिवसभर पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, ती किंमत ते मोजतात. आपल्याला पिकनिक वाटणारा हा पाऊस त्यांच्यासाठी ड्युटी आहे. तासन्‌तास ओल्या मोज्यात बसणाऱ्या रायडरलाही चिखल्या होतात, हे जाता जाता.

बांधावर मात्र गमबूट दिसतात, आणि बाइकवरही. पाच-सातशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, शंभर टक्के वॉटरप्रूफ. याची हिस्टरी भन्नाट आहे. इंग्लंडमध्ये याला वेलिंग्टन म्हणतात. हे वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली, ज्यानं 1803 मध्ये आपल्या आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. पुढे तो ड्यूक झाला, आणि त्याच्या चामडी बुटाची फॅशन त्याच्या नावानं चालली. रबराचा अवतार नंतरचा, 1853 मध्ये हायरम हचिन्सन यांनी फ्रान्समध्ये रबरी पादत्राणांचा कारखाना काढल्यानंतरचा. आपल्याकडे 1920 मध्ये बंगालमध्ये सुरू झालेल्या डकबॅकनं रेनकोट घराघरांत नेला.

मग गमबूट घालून टूर करावी का? गावातल्या गावात, कमी वेगात, ठीक. घाटात नको. घोट्याला कवच नाही, सोल इतका जाड की मागचा ब्रेक किती दबला ते कळत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो सैल असतो. पडल्यावर पायातून निघून जातो, म्हणजे ज्या क्षणी बूट हवा त्याच क्षणी तो नाही.

दुसरा स्वस्त पर्याय म्हणजे बुटावरून चढवायचं रेन कव्हर. तीनशेपासून हजारापर्यंत. आयडिया चांगली, पण घेताना तळ बघा. नुसत्या प्लॅस्टिकचा गुळगुळीत तळ ओल्या डांबरावर साबणासारखा घसरतो, आणि सिग्नलला टेकलेला पाय घसरला तर गाडी आडवी. रबरी नक्षीचा सोल असलेलंच कव्हर घ्या. डाव्या पंजावर गिअर लिव्हर घासून तिथे भोक पडणार हे गृहीत धरा. आधीच जाड रबराचा एक तुकडा चिकटवून घेतला तर कव्हर दुसरा पावसाळा बघतं.

कसारा: सगळं ओझं सोलवर

घोटीला मुंबई-आग्रा हायवे लागतो आणि वातावरणच बदलतं. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे मुंबईकडे उतरायचं तर आपल्याला कसारा घाटच. धुकं, पाऊस, ट्रकच्या रांगा आणि रस्त्यावर सांडलेल्या डिझेलचे इंद्रधनुषी पट्टे. फोटोत छान दिसतात, पायाखाली आले की नाही.

इथे बुटाचा सोल कळतो. रबराचा, तेलाला न घाबरणारा, मध्यम खोल खाचांचा सोल हवा. ट्रेकिंगच्या बुटासारख्या फार खोल खाचा फूटपेगवर अडकतात, आणि स्पोर्ट्स शूजचा सपाट फोम पाण्यावर तरंगतो. टाचेला स्पष्ट पायरी हवी, म्हणजे पाय पेगवर पक्का बसतो. सोल हातात धरून पिळून बघा. चपातीसारखा वळला तर परत ठेवा. दिवसभर पेगवर त्याच एका जागी तळवा दुखणार आहे.

दुसरी गोष्ट लेस. लांब लेस गिअर लिव्हरमध्ये किंवा पेगवर अडकली की गाडी थांबते पण पाय खाली येत नाही, आणि मग कॉमेडी होते. फक्त ती कॉमेडी ट्रकच्या पुढे होऊ नये. म्हणून बकल, वेल्क्रो किंवा झिप बरी. झिप असेल तर तिच्या मागे सलग अस्तर हवं. लेस असेल तर जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी. नाहीतर पाण्याला राजमार्ग मोकळा.

मेन रोड: आता पैशांचं बोलू

फिरून झालं, आता नाशिकला परत आणि थेट दुकानात. जगातले नावाजलेले बरेच मोटारसायकल बूट इटलीतल्या एकाच पट्ट्यातून येतात. माँटेबेलूना आणि आसोलो ही डोंगराच्या पायथ्याची गावं आधी गिर्यारोहणाचे आणि स्कीचे बूट शिवायची. त्यातूनच अल्पाइनस्टार्स, सिदी, टीसीएक्स अशी नावं पुढे आली. अल्पाइनस्टार्स 1963 मध्ये आसोलोत सुरू झाली. बूट अप्रतिम, पण किंमत वीस हजारांच्या घरात आणि तिथून पुढे. महिन्याच्या पगारातून घरभाडं आणि ईएमआय वजा केल्यावर हा विषय बहुतेकांसाठी तिथेच संपतो.

मग आपले तीन गट. दोन-अडीच हजारांच्या आत: घोट्याच्या वर येणारे सेफ्टी शूज आणि रबरी सोलचं रेन कव्हर. बोटं सुरक्षित, पाय बऱ्यापैकी कोरडा, घोटा अर्धामुर्धा. वर्षातून दोन-तीनदाच त्र्यंबकला जाणाऱ्यासाठी एवढं पुरे.

चार-पाच हजार: वॉटरप्रूफ हायकिंग बूट. पाय मस्त कोरडा, चालायला आराम, ऑफिसलाही घालता येतो. पण घोटा मऊ, आणि लेस. सगळ्यात जास्त खपतो तो हाच गट आणि सगळ्यात जास्त फसवतोही हाच. कारण पाय कोरडा राहिला की आपण सुरक्षित आहोत असं वाटायला लागतं.

सात ते दहा-बारा हजार: ओराझोसारख्या भारतीय कंपन्यांचे टूरिंग बूट. घोट्याचं कवच, गिअरसाठी पंजावर जादा पॅड, ताठ सोल, आणि काही मॉडेल्सना वॉटरप्रूफ अस्तर. महिन्यातून एकदा तरी बाहेर पडत असाल तर पैसे इथेच टाका. खिशात पाच हजार असतील तर हायकिंग बूट घेण्यापेक्षा दोन पगार थांबा. वॉटरप्रूफ मॉडेल आणि साध्या मॉडेलमध्ये दोन-तीन हजारांचा फरक असेल आणि तो परवडत नसेल, तर साधं घ्या आणि वर कव्हर चढवा. सातपूरचा फंडा विसरू नका.

एक सरकारी चिमटा: 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर 18 टक्के. म्हणजे चपलेला सवलत आणि घोटा वाचवणाऱ्या बुटाला पूर्ण टॅक्स!

दुकानात जाताना

संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. राइडला घालता तेच जाड मोजे सोबत न्या. बूट घालून बसल्यावर टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा हवी, चालताना टाच उचलली जाऊ नये. घोट्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यानं दाबून बघा. आत कडक लागलं तर कवच, मऊ लागलं तर नुसता फोम. दुकानाबाहेर गाडी उभी असेल तर बसून दहा वेळा गिअर टाका. ऑनलाइन घेत असाल तर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या चार्टशी जुळवा, कारण एका कंपनीचा 8 दुसऱ्याचा 9 असतो.

पाण्याची टेस्ट घरी. आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून बूट घोट्यापर्यंत पाणी असलेल्या टबात पंधरा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर काय ते कळलं. फक्त ओला बूट दुकानदार परत घेईल का, हे बिल करण्याआधीच विचारून ठेवा.

ऑक्टोबरनंतर सेल लागतात, तेव्हा घेणं शहाणपणाचं. पण पेटीवरच्या एमआरपीच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा सोल दमट हवेत नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत बिस्किटासारखा भुगा होतो. चार वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला बूट अर्ध्या किमतीतही महाग.

भिजलेला बूट हीटरसमोर किंवा सायलेन्सरवर कधीच वाळवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. सोमवारच्या स्टँडअप मीटिंगपर्यंत वाळतो.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं वाचताना तुम्ही फक्त पुढे बसणाऱ्याचा विचार केलात ना? मागच्या पेगवरही दोन पाय असतात. त्यांच्यावर तेवढाच पाऊस पडतो, आणि गाडी पडली तर तेही तिच्याखाली येतात. मुलींच्या मापाचे टूरिंग बूट मिळवायला अजूनही चार दुकानं पालथी घालावी लागतात, म्हणून तो शोध आधी सुरू करा. बजेट मांडताना एका जोडीचं मांडू नका, दोन जोड्यांचं मांडा. दहा हजारांचा एक बूट आणि मागे सँडल, यापेक्षा दोघांच्या पायात साधे पण घोटा झाकणारे बूट केव्हाही चांगले.